अडीच फूट

हॅल्डन काउंटी. जानेवारीचा दुसरा मंगळवार, सकाळचे नऊ.
बाहेर उणे चोवीस. आत हीटर खोकतोय.
तीन आयुक्त, मी, आणि लोकांसाठी ठेवलेल्या बाकांवर
एकटी इर्मा डोकन,
कोटाचं एकही बटण न काढता.

मी इतिवृत्त लिहिते. बावीस वर्षं झाली.
इतिवृत्तात खोकला लिहीत नाहीत,
कोण कुणाकडे न बघता बोललं तेही नाही.
ठराव. अनुमोदन. होय, होय, होय.

विषय पहिला: जुना बर्फनांगर.
शेजारच्या गावाला हस्तांतरित, मोबदला शून्य.
अट एवढीच, की मोठ्या वादळात
त्यांनी आमच्याही पुलापर्यंत यावं.
ही अट तोंडी. तोंडी गोष्टी इथे कागदाहून जास्त टिकतात,
माणसं टिकतात तोवर.

विषय दुसरा: शाळा क्रमांक चौदा, इमारत आणि दोन एकर.
बोली एकही नाही. सलग तिसऱ्या वेळी.
सामानाच्या यादीत अकरा बाकं, एक लोखंडी स्टोव्ह,
आणि एक नकाशा, ज्यावरचे कितीतरी देश आता नाहीत.
घंटा यादीत नाही.
घंटा कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे;
आयुक्त स्कोग्स्टाड ती वाजवून कुत्र्यांना जेवायला बोलावतात.
त्यांनी घसा साफ केला, म्हणाले, पुढचा विषय.
मी लिहिलं: पुढचा विषय.

तो म्हणजे जमिनीची एक चिंधी.
रुंदी अडीच फूट, लांबी एकशे चाळीस,
कुणाच्याच नावावर नाही, म्हणून काउंटीची.
शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीदार तरुण होता म्हणे,
आणि हिवाळा असाच.
थंडीत पोलादी साखळी आकसते
हे त्याला माहीत नसावं, किंवा बोटं इतकी बधिर
की माहीत असून उपयोग नसावा.
आखूड साखळीने त्याने आखूड मैल मोजला,
आणि शेवटच्या खुंटीपलीकडे
थोडी पृथ्वी उरली.

काय करणार तिचं? स्कोग्स्टाडांनी विचारलं.
गाजरंसुद्धा एकाच ओळीत लावावी लागतील.

काही नाही, इर्मा म्हणाली.
एकतीस उन्हाळे तिथलं गवत कापतेय मी.
त्याआधी रोलंड कापायचा. वाटायचं, आपलंच आहे.
मग तुमचं पत्र आलं, की नाही.
मी कुणाचं गवत कापत होते
तेवढं एकदा ठरवून टाका.

हीटरसुद्धा क्षणभर खोकायचा थांबला.

किंमत ठरली एक डॉलर.
नोंदणी शुल्क पासष्ट. ते माफ करायचा अधिकार
त्या खोलीत कुणालाच नव्हता;
मी कलम दोनदा वाचून पाहिलं.
पासष्टचा चेक ती घरूनच लिहून घेऊन आली होती.
डॉलर मात्र सुट्टा: पाव डॉलरची चार नाणी,
हातमोज्यात धरून धरून ऊबदार झालेली.

घेणाऱ्याच्या रकान्यात रोलंडचंही नाव घाल, ती म्हणाली.
मेलेल्या माणसाला जमीन विकत घेता येत नाही, इर्मा.
मग कंसात लिही.
कंसातही चालत नाही, मी म्हणाले.
घेणार: इर्मा डोकन (रोलंड डोकन).

सभा दहा चाळीसला संपली.
माझी गाडी चौथ्या प्रयत्नात सुरू झाली.
पारा आणखी उतरला होता.
असल्या दिवशी कुणी साखळी घेऊन निघालं
तर पुन्हा कुठेतरी,
कुणाच्या लक्षातही न येता,
चार बोटं जमीन शिल्लक पडेल.