पान चौऱ्याहत्तर

औदेनार्द स्टेशनच्या स्टॉलवरचा फिर्मिन मला ओळखतो,
म्हणजे माझं हेल्मेट ओळखतो.
"सायकलींची मासिकं ना? तिकडे, मासेमारीच्या खाली,
मोटारींना लागून."
आणि बायकांची?
"ती इकडे." विणकाम, वजन, नवरीचे पोशाख,
राजघराण्यातलं कुणाचं तरी बाळ.
दोन फडताळांमध्ये चार पावलं.
एकोणीस वर्षं मी ती चार पावलं चालते आहे.

आज नवा अंक. पान चौऱ्याहत्तर: 'खास तिच्यासाठी'.
पानही अर्धंच, खालचं अर्धं शाम्पूचं.
फोटोतल्या बाईची सीट इतकी उंच
की तिचे पाय पेडलला पुरायचे नाहीत.
केस नुकते धुतलेले. घाम नाही.
कपाळाला चिकटलेलं एक चिलट नाही.
सायकल अशी धरलीय
जसं दुसऱ्याचं मूल फोटोपुरतं कडेवर घ्यावं.
मजकूर: यंदा फिकट जांभळा चालणार.

मला विचारायचं असतं ते वेगळंच.
आखूड बोटं ब्रेकला पोचेनात तर कुठला स्क्रू किती पिळायचा.
नव्वद किलोमीटर नुसती बीटाची शेतं, झुडूप म्हणून नाही,
तेव्हा लघवीला बसायचं कुठे.
सीटनं सोललं जातं त्या जागेचं नाव
डॉक्टरसमोर न अडखळता कसं घ्यायचं.
पाळी थांबली त्या वर्षी कोप्पेनबर्गच्या दगडांवर
छातीत धडधडलं, ते चढाचं की वयाचं.
मी रात्रपाळीची नर्स आहे, मला माहीत असायला हवं.
नाही माहीत.
पान पंचाहत्तरवर पुन्हा पुरुष,
चिखलानं माखलेले, आनंदात.

तरी घेतला अंक. फिर्मिनलाही पोट आहे.

साखळी करकरत होती म्हणून आखीलच्या दुकानात थांबले.
गियर पुसायला त्यानं बाकाखालून कागद ओढला
आणि मी त्याचं मनगट धरलं.
सायक्लोस्टाइलची पानं, पिनेला गंज,
उन्हाळा एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर.
वर हातानं काढलेलं वाकडं चाक, त्याखाली: 'गुरुवारच्या बायका'.
"वहिनीचं काहीतरी. सहा-सातजणी होत्या.
ने तू. मला चिंध्या आहेत."

तिथेच उभ्यानं वाचलं.
वारा पश्चिमेचा आहे, जाताना कालव्याकडून जाऊ.
होरेबेकेच्या पुढे मका डोक्याएवढा झालाय,
आडोसा चांगला, कुत्रा बांधलेला असतो.
योहानानं ब्रेकखाली बुचाचा तुकडा बसवला, आता बोटं पोचतात.
जिला सोललंय तिनं लाजू नये, मलमाची डबी माझ्याकडे आहे.
सिमोनाला मुलगी झाली. या गुरुवारी नाही,
पुढच्या येईल.
फोटो एकही नव्हता.

परतताना ऊन गेलं.
आमच्याकडे उतारावर सगळेच जर्सीत कागद खुपसतात,
छातीला वारा लागू नये म्हणून.
आधी मासिक घातलं. गुळगुळीत ते, घसरत घसरत
पोटाशी गोळा झालं. शेल्डेच्या पुलावर
चौऱ्याहत्तरची बाई टोचायला लागली.
थांबले. तिला बाहेर काढून पिशवीत ठेवलं,
आणि ती पाच पानं आत सारली,
जुनी, भुरी, खरखरीत.
ऊब धरतात बरं असले कागद.

घरी आंघोळीआधी आरशात पाहिलं.
घामानं शाई उतरली होती बरगडीखाली,
अक्षरं उलटी, म्हणून आरशात सुलटी,
अर्धीमुर्धी:
'पुढच्या येईल'.

साबण खाली ठेवला.
आज बुधवार.