चार बोटं

भुसावळच्या रेल्वे मैदानावर
मे महिन्यात सकाळी सातलाच माती चटके द्यायची.
मी उकिडवा. तोंडावर जाळी, छातीला गोणपाट.
साठ फुटांवर यशोधर तायडे,
लोको शेडमधला खलाशी,
चेंडू पाठीमागे लपवून माझ्या बोटांकडे बघणारा.
एक बोट सरळ. दोन बोटं वाकडा.

बेसबॉल म्हणजे काय, गावाला ठाऊक नव्हतं.
"दांडू मोठा, विटी गोल,"
त्याच्या आईनं शेजारणीला सांगितलं,
तेवढं पुरलं.

चेंडू एकच. उसवला की पुलाखाली
चपला शिवणाऱ्या सोमाजीकडे.
कारखान्याचे टाके एकशे आठ,
सोमाजीचे भरायचे एक्क्याण्णव,
एका अंगाला दाट, दुसऱ्याला विरळ.
चेंडू भलतीकडेच वळायचा. आम्ही सोमाजीवर चिडायचो.
यशा महिनाभर गप्प राहून
ते वळणं शिकून घेतलं त्यानं.

मग कटक, लुधियाना, नागपूर.
त्याचा चेंडू निघायचा थेट छातीकडे
अन् शेवटच्या हातभर अंतरात
उंबऱ्याशी पाहुणा लाजावा तसा
बाजूला व्हायचा.
अकरा वर्षं एक सामना चुकवला नाही.
तापात खेळला. बाप गेला त्या आठवड्यातही.

आधी शर्टाचं बटण.
मग डब्याचं झाकण.
मग जळगावच्या फायनलला, सातव्या डावात,
चेंडू त्याच्या हातून पडला.
फेकला नाही, पडला.
दोन टप्पे घेऊन मध्येच थांबला.
लोक हसले. मीही हसलो.
ते हसू अजून घशात आहे.

मुंबईच्या डॉक्टरनं आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं.
वैजयंता म्हणाली,
"एवढ्या लांबलचक नावाला
एक गोळी नाही?"

रेल्वेनं सत्कार केला. शाल, नारळ, माइक.
जीभ जड झालेली. तो एवढंच बोलला,
"कॅचर चांगला भेटला, भो."
साहेबांना वाटलं, पाणी मागतोय.
पाणी आणलं.

मग खाट.
मी पुन्हा उकिडवा, खाटेसमोर.
एक बोट पाणी. दोन, कूस बदलायची.
तीन, खिडकी उघड, गाडी बघू दे.
हो असेल तर पापणी,
नको असेल तर नजर बाजूला,
मैदानावर माझी खूण मोडायचा, तशी.
कधी उगाच मोडायचा.
सगळं शरीर गेलं तरी खोडी शाबूत.

मी यावलकडचा तडवी, केळीत वाढलेला.
सांगावंसं वाटलं :
घड उतरला की खांब पाडतात,
पण बुडाशी पील असतंच.
नाही सांगितलं.
असली वाक्यं त्याला आवडत नसत,
आणि घड खाणाऱ्याला खांब कुठं आठवतो.

पौषातली पहाट.
यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत होते.
एक दाखवलं. नजर बाजूला.
दोन. बाजूला.
तीन. बाजूला.
माझ्या लक्षात आलं, कुठली उरली.
चार :
खेळायचं नाही,
चेंडू मुद्दाम बाहेर टाकायचे,
मी उठून उभं राहायचं
आणि समोरच्याला चालत जाऊ द्यायचं.
ही खूण त्यानं आयुष्यात कधी मानली नव्हती.
मी चार बोटं दाखवली.
अंगठा तळव्यात दाबून धरला, कारण तो थरथरत होता.

पापणी.

मैदानाला त्याचं नाव द्यायचा अर्ज
साहेबांच्या टेबलावर आहे. टेबल तिसऱ्यांदा बदललं.
सोमाजीचा नातू चेंडू शिवतो.
पोरं बजावतात, "एक्क्याण्णवच घाल हं."
वरणगावची एक पोरगी आहे, तेरा वर्षांची, डावखुरी.
परवा लांबून ओरडली,
"काका, तायडे टाकू?"
तिला वाटतं, ते त्या चेंडूचंच नाव.

मी जाळी खाली ओढतो. गुडघे कुरकुरतात.
एक बोट दाखवतो.

ती नजर बाजूला घेते.