बोट सोसेल इतकं

पाणी उकळू द्यायचं नाही.
बोट बुडवून सावकाश सातपर्यंत मोजता आलं पाहिजे,
आठाला ओढून घ्यावंसं वाटलं पाहिजे.
तेवढंच ऊन.
पातेल्याच्या तळाशी जुन्या बनियनचं फडकं,
त्यावर बाटली, बूच सैल करून.
सातारा डेपोत एकतीस वर्षं इंजिनं उघडली,
तापल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नये
हे हातांना ठाऊक आहे.
गार काचेला आधण दाखवू नये
हे त्याचंच उलटं.

बाटली रमची. लेबल कधीच निघून गेलेलं.
रुंद तोंडाची बरणी असती
तर चमच्याने खरवडून संपवली असती,
पण या गळ्यातून करंगळीही जात नाही,
म्हणून राहिली
नऊ हिवाळे, हिंगाच्या डब्यामागे.
वरून फोडणीचा चिकट थर,
आत पांढुरका, रवाळ, तुपासारखा बसलेला
बबन ढेबेचा मध.

बबन तापोळ्याची मुक्कामी गाडी चालवायचा.
घराशेजारी सातेरीच्या चार पेट्या.
दर उन्हाळ्यात एक बाटली
सीटखाली, पोत्यात गुंडाळून,
घाटाची वळणं झेलत माझ्यापर्यंत यायची.
पैसे काढले की म्हणायचा,
"क्लचचं बघ जरा, तेवढंच."

त्या वर्षी थंडी जबर होती.
संक्रांतीच्या आत बाटलीचा दगड झाला.
मी ती कँटीनच्या टेबलावर उलटी धरली,
थेंब पडला नाही,
आणि पंधरा माणसांत म्हणालो,
"बबन्या, साखर किती ओतलीस रं?"
सगळे हसले.
तोही हसला असता तर बरं झालं असतं.
त्याने चहा खाली ठेवला,
आधी बशी, मग तिच्यावर कप, अगदी नीट,
आणि गाडी फलाटाला लावायला गेला.
नंतर उन्हाळे आले. बाटली आली नाही.
क्लचचं तो दुसऱ्याला सांगू लागला.

मागच्या आठवड्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात
एक पोरगी गिऱ्हाइकाला समजावत होती,
"खराही गोठतो हो काका.
थंडीत बसतो खाली. कोमट पाण्यात ठेवा, उठेल."
तो काका मी नव्हतो.
मी उदबत्ती घ्यायला गेलेलो.
ती न घेताच घरी आलो.

पाणी निवलं. पुन्हा तापवलं.
काचेलगत एक पिवळी रेघ सुटली,
मग तळ सैलावला,
मध्ये मात्र खांब उभा, पांढरा, हटेना.
शालन म्हणाली, गॅस मोठा करा, किती वेळ तो.
मी म्हटलं, नाही.
तिने माझ्याकडे पाहिलं.
एवढा सबुरीचा माणूस
तिला लग्नात मिळाला नव्हता.

तिसऱ्या पाण्याला खांब कलला,
रात्रीच्या गाडीत अनोळखी पॅसेंजर
शेजाऱ्याच्या खांद्यावर कलतो तसा,
आणि विरत गेला.
रंग आला तो जुन्या हेडलाइटचा,
धुक्यात लावलेल्या.

शालनने चपातीच्या तुकड्यावर दोन थेंब घेतले,
जीभ टाळ्याला लावून थांबली.
"शेवटाला तुरट लागतोय. जांभळाचा आहे."
आणि मग, मला नव्हे,
चपातीलाच विचारल्यासारखं,
"साखर कधी तुरट लागते का?"

तळाशी अजून चार-दोन कण आहेत.
त्यांच्यासाठी पुन्हा गॅस लावणार नाही.
बाटली पुसली. हिंगामागे ठेवली नाही,
दाराशी ठेवली, पिशवीत,
पोत्याचा तुकडा शोधून, गुंडाळून.

तापोळ्याची मुक्कामी अजून साडेपाचलाच सुटते का,
मी विचारलं.
"मला काय ठाऊक," शालन म्हणाली,
"स्टँडवर जाऊन विचारा.
स्वेटर घाला."