बहुधा

ऑयरिकच्या दाराशी अजून छातीएवढी रास आहे,
माशाच्या काट्यासारखी तिरकी रचलेली,
पाऊस आत शिरू नये म्हणून.
रचणारा फेब्रुवारीत गेला.
तेव्हापासून ती विजेच्या हीटरपाशी बसते,
त्या राशीला हात लावत नाही.

मे महिना. लुईस बेट. वारा पडला की चिलटं उठतात.
ईव्हर लांब दांड्याचं पातं पायाने रेटतो,
दलदल कापली जाते, काळ्या खरवसासारखी थरथरत.
चरात उभी त्याची मुलगी मर्डीना
एकेक ओली वीट झेलते
आणि काठावर फेकते, वाळायला.

मर्डीना ग्लासगोत शब्दांचं शिकते.
चहाच्या वेळी, उकडलेलं अंडं सोलत, ती म्हणाली,
"'पीट' मुळात इंग्रजी नाहीच.
आठशे वर्षांपूर्वी कुणा कारकुनाने
लॅटिन वहीत लिहिलं, पेटा.
त्याने ते ऐकलं असणार कोपरापर्यंत चिखल लागलेल्या माणसाकडून,
ज्याची बोली नंतर विझली.
अर्थ साधा. तुकडा. वाटा.
कोशात पुढे लिहिलंय, 'बहुधा'."

(मी ज्या भाषेत हे लिहितेय तिच्यात
पेटा म्हणजे, चला, जळू लागा.
हा योगायोग. मर्डीना असल्या गोष्टींना
पुरावा मानत नाही.
मी तरी तो खिशात ठेवलाय.)

ईव्हर हसला. "आम्ही म्हणतो मॉन्ये.
म्हणजे उसनं दिलं आपल्याच कुणीतरी,
आणि विसरलोही आपणच."
मग मांडीला हात पुसत म्हणाला,
"पण कुच आहे की आपल्याकडे. कुच म्हणजे वाटा.
ताटात वाढलेलं, तेही कुच."
मर्डीनाने मान डोलावली. तोच गोतावळा. बहुधा.

जेवण आटोपून त्यांनी पातं उचललं
आणि घरच्या चराऐवजी
पलीकडच्या, गवत माजलेल्या चरावर गेले.
कुणी कुणाला विचारलं नाही.
संध्याकाळपर्यंत तिथे तीन ओळी पडल्या होत्या, ओल्या, चकाकत.

ऑगस्टमध्ये ट्रॅक्टरने त्या ऑयरिकच्या दारात ओतल्या.
ती बाहेर आली. नव्या ढिगाकडे बराच वेळ बघत राहिली.
"माझ्या वाट्याचं एवढं नसतं," म्हणाली,
आणि जुन्या राशीतली वरची वीट काढून
आत गेली.

थोड्या वेळाने धुराड्यातून निळसर धूर निघाला.
ईव्हरने ट्रॅक्टर वळवला.