सायकल स्टँडवरून

उदगीरच्या टॉकीजचा शेवटचा खेळ सुटतो,
मी टोकन घेत ऐकत बसतो.

सुभानी टेलर चिडलेला :
हेराचा कोट एकच, बर्फात तोच, वाळवंटात तोच,
अन् डाव्या काखेत उसवलेला.
पैसे पाण्यात, म्हणतो.
उद्या बायकोला आणणार आहे दाखवायला.

पोरं खिदळतात –
दुश्मनाची राजधानी म्हणे!
मागं भिंतीवर अर्धं पुसलेलं
'तूर खरेदी केंद्र'.
बिराजदार सर एकदम तापतात,
"दिसू द्या की! मग श्वास कामून रोखला होता रे?"
पोरांकडं उत्तर नाही, किक आहे.

भांडण पानटपरीपर्यंत जातं,
तिथं उधारीचा विषय निघतो.

एक म्हातारा मात्र तिसऱ्यांदा आलेला, एकटाच.
कसा वाटला, म्हटलं.
कुलूप काढता काढता म्हणाला,
"बंदुका खोट्या. मारामारी तर काहीच्या काही.
पण तो चहा अर्धा ठेवून उठतो ना,
दाराकडं न बघता –
तेवढं बरोबर."

मी सुटे शोधत होतो.
मान वर केली तर
रेल्वे फाटकापर्यंत रस्ता रिकामा.

त्याचे दोन रुपये
अजून माझ्याकडं आहेत.