दंत्य वर्ण

पहिल्या वर्षी आम्ही दात मागत फिरलो.
नागपाड्यापासून भायखळ्यापर्यंत, जिन्याखालच्या दवाखान्यांतून,
"सर, उपटलेले आहेत का? दाढा असतील तर बरं."
लोणच्याच्या बरणीत फॉर्मॅलिन, त्यात अनोळखी माणसांचे
किडके, तुटके, पानानं रंगलेले एकसष्ट दात,
हॉस्टेलच्या कपाटात, मेतकुटाच्या डब्याशेजारी.
रूममेट तबस्सुम म्हणाली, झाकणावर नाव लिही बाई,
घाईत चुकेल कुणीतरी.

बाबा फोनवर म्हणायचे, दात कोरून पोट भरत नाही गं.
मी तेव्हा खरंच दात कोरत असायची,
मेणाच्या निळ्या ठोकळ्यातून वरची पहिली दाढ,
रात्रीचा दीड, ब्लेडच्या टोकाशी चार उंचवटे, मधे खाच,
आणि सकाळी आरोंदेकर मॅडम ती चिमटीत धरून विचारणार,
"ही कुणाची? बकऱ्याची?"

सगळ्यांत वाईट आरसा.
वरच्या जबड्यात थेट दिसत नाही काही,
आरशात बघून काम करायचं.
हात पुढे न्यावा तर मागे सरकतो.
सहा महिने मी त्या उलट्या जगात धडपडले,
डमीच्या रबरी गालाला सॉरी म्हणत.

चौथ्या वर्षी कोटा: पूर्ण कवळ्या, चार.
तीन झाल्या. चौथं तोंड मिळेना.
कँटीनच्या पोऱ्यालाही विचारून झालं,
तुझ्या आजोबांना दात आहेत का रे?
"आहेत," तो म्हणाला, आणि मला वाईट वाटलं.

मग आले तळाशिलकर काका, फणसवाडीतून,
वय अठ्ठ्याहत्तर, केसपेपर चार घड्या घालून खिशात.
धंदा?
"खिळे जुळवत होतो."
मी लिहिलं, सुतार.
ते हसले, नुसत्या हिरड्यांचं हसू.
"छापखान्यात, पोरी. शिशाचे खिळे. एकेक अक्षर."
मी खोडलं.

मापं घेतली. पाकिटातून दात काढले,
मेणपट्टीवर सहा-सहा, ओळीनं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"किती पॉइंटचे?"
मग माझ्या हातातला आरसा बघून,
"तुलाही उलटं वाचावं लागतं तर.
मी बेचाळीस वर्षं वाचलं. सुलट वाचताना अजून अडखळतो."
बसवलेल्या दातांवर त्यांनी बोट ठेवलं.
"ओळ इथं वाकडी आहे."
होती. बाजूचा पटाशीचा दात, अर्धा मिलिमीटर पुढे.
मॅडमनाही दिसला नव्हता.

मेणातली कवळी घालून उच्चार तपासतात.
पुस्तकात इंग्रजी आकडे दिलेत.
मी म्हटलं, काका, त थ द ध न म्हणा.
"दंत्य," ते म्हणाले. "आमच्या केसमध्ये 'त' अगदी हाताशी. फार लागायचा."
त. थ. द.
'ध'ला जरा थांबले.
सात वर्षांनी जिभेला टेकायला भिंत मिळाली होती,
ती चाचपून बघत असावेत.

परीक्षा झाली. कोटा भरला. सही.

तीन आठवड्यांनी खुर्चीजवळ येऊन उभे, नंबर न लावता.
दुखतंय का काका?
"छे. परवा चकली खाल्ली."
मग इकडे तिकडे बघून, आवाज उतरवून,
"शिट्टी वाजते."
कधी?
"स म्हणताना. बायकोचं नाव सुशीला.
गॅलरीतून हाक मारली की वाजते.
या वयात. अख्खी चाळ बघते."

'स' दंत्य, 'श' तालव्य,
एका नावात दोन्ही अडचणी.
पुढच्या दातांमागं प्लेट जाड राहिली होती, ती घासली.
गुलाबी भुकटी अ‍ॅप्रनवर, बाहीवर, पापणीवर.
रजिस्टरात या कामाला रकाना नाही.
नळाखाली धुऊन हातात दिली.

म्हणा.
"सुशीला."
थोडी आहे अजून.
पुन्हा घासली.
पुन्हा म्हणा.