किती हंडे

लिफ्टच्या दाराला कुणीतरी सायकल बांधलीय,
म्हणजे ती या वर्षी तरी चालू होत नाही.
मानखुर्द. पुनर्वसनाची इमारत. सातवा मजला.
चौथ्यावर मी थांबते,
पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेते :
ड्रेसिंगचं सामान, तोंड पुसायचा कापूस,
आणि तळाशी, कुलपाच्या डबीत,
मसुराएवढ्या पांढऱ्या गोळ्या,
ज्यांना तीन सह्या लागतात.

चंद्रभागा रोकडे, वय एकसष्ट. जबडा.
परळला सांगितलं, आता घरी न्या.
घरी नेऊन काय करायचं
ते सांगायचं राहून गेलं.

पहिल्या दिवशी मी विचारलं, शिकवलंय तसं,
"मावशी, शून्य ते दहा. किती दुखतंय?"
तिनं माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी भाजीवाली, आणि भाव भलताच सांगतेय.
मग चार बोटं वर केली
आणि हात डोक्यावर नेला, चुंबळ असते तिथे.
सून म्हणाली, "हंडे. चार हंडे म्हणतायत."

जुन्या झोपडीत असताना
रस्त्यापलीकडच्या नळावरनं तीस वर्षं पाणी.
एक डोक्यावर, एक कमरेवर.
तिसऱ्यानं मान मोडते.
चौथा कुणी उचलतच नाही.

मी फॉर्मवर तेच लिहिलं.
डॉक्टर तळपदेंचा फोन आला, "हे काय?"
म्हटलं, "मॅडम, चार म्हणजे दहा."
जरा वेळ काही बोलल्या नाहीत.
मग डोस वाढवला.

तीन दिवसांनी दोन बोटं.
मग एक.
एका गुरुवारी नुसती मिटलेली मूठ,
आणि सुनेला खूण : बाईला चहा टाक.
त्या रात्री ती झोपली.
सगळं घर झोपलं, कित्येक दिवसांनी.

बरी होण्याची गोष्ट नाही ही.

जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी मुलगा केंद्रावर आला,
रुमालाच्या गाठीत अकरा गोळ्या, मोजून.
"आईनं कुणाचं कधी ठेवून घेतलं नाही."
मी नोंदवहीत लिहिलं : शिल्लक अकरा. नष्ट.
साक्षीदार म्हणून सही त्याचीच.
सही करता करता म्हणाला,
"चौथ्यावरचा म्हातारा रात्री ओरडतो.
आम्हाला वाटायचं, पिऊन.
आता ओळखू येतं ना ते ओरडणं.
या त्याला नाही का..."

नाही.
त्याला त्याचं नाव लागतं, त्याचा केसपेपर,
त्याच्या नावची चिठ्ठी.
अकरा गोळ्या बेसिनमध्ये विरघळल्या,
साखरेसारख्या, काही अडलं नाही.

चौथा मजला.
इथे किती वेळा खांदा बदलला मी.
हिरवं दार आहे, आज पाहिलं.
दर वेळी मी माझ्या गुडघ्यांचा विचार करत होते.

कडी वाजवते.
आत खाट करकरते, बराच वेळ.
नळावर गेलेला नसेल हा माणूस कधी,
हंड्यांत नाही बोलणार.
याचं माप काय असेल, कोण जाणे.